संत्राबागेतील जुन्या छोट्या ट्रॅक्टरला पॉवर स्टेअरिंग बसवायचे आहे, मार्गदर्शन हवे

काटोल_बागायत यांचा प्रश्न

नमस्कार. काटोल तालुक्यात आमची सहा एकर संत्र्याची बाग आहे आणि तिच्यातील जवळजवळ सगळे काम साडेअठरा अश्वशक्तीच्या एका छोट्या ट्रॅक्टरवर चालते. ताकद फक्त मागच्या चाकांना आहे. हा ट्रॅक्टर आम्ही २००७ साली नवा घेतला होता. मध्यंतरी एकदा इंजिन खोलून रिंगा आणि बेअरिंग बदलली, त्यानंतर त्याने कधी दगा दिला नाही. आजही तो पहिल्या सेल्फला सुरू होतो, त्यामुळे तो विकून नवा घ्यावा असे घरात कोणालाच वाटत नाही.

अडचण फक्त स्टेअरिंगची आहे. आमची झाडे १८ बाय १८ फुटांवर आहेत, घेर वाढल्यामुळे दोन ओळींमध्ये जेमतेम ट्रॅक्टर जातो, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी धुऱ्याजवळ अपुऱ्या जागेत पूर्ण वळण घ्यावे लागते. फवारणीच्या दिवशी मागे ५०० लिटरच्या टाकीचा ओढायचा ब्लोअर असतो, आणि एका दिवसात अशी शंभराच्या वर वळणे होतात. मी आठवडाभर नागपूरला नोकरी करतो, शनिवार-रविवारीच गावी जातो, म्हणून ट्रॅक्टर मुख्यतः वडीलच चालवतात. त्यांचे वय ६६ आहे आणि दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले आहे. मागच्या फवारणीनंतर ते दोन दिवस हात खांद्याच्या वर नेऊ शकले नाहीत. चालक ठेवू म्हटले तर ते ऐकत नाहीत, आणि कोणत्या झाडाची फांदी किती खाली आली आहे हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊकही नाही.

आणखी काही माहिती देतो, ती उपयोगी पडेल असे वाटते. रोटाव्हेटर उचलल्यावर पुढची चाके हलकी होतात म्हणून पुढे २० किलोच्या चार वजनपट्ट्या लावल्या आहेत. तीन वर्षांपूर्वी पुढचे टायर झिजले, तेव्हा मूळ मापाचे मिळाले नाहीत म्हणून थोडे रुंद टायर घातले, आणि ते टाय रॉडला (पुढची दोन चाके जोडणाऱ्या दांड्याला) घासू नयेत म्हणून रिमा उलट्या करून बसवल्या. स्टेअरिंग जड पूर्वीही होते, पण इतके नव्हते.

तीन ठिकाणी चौकशी केली आणि तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. एका गॅरेजमध्ये सांगितले की लिफ्टच्याच पंपातून तेल घेऊन काम होईल. दुसऱ्याने छोट्या मोटारीचा इलेक्ट्रिक स्टेअरिंग कॉलम बसवून देण्याची तयारी दाखवली. तिसऱ्याने असल्या फंदात पडूच नका असे सांगितले. मृग लागण्यापूर्वी काम उरकावे अशी इच्छा आहे. कोणता मार्ग धरावा, आणि चढावर इंजिन बंद पडले तर ट्रॅक्टर हातात राहील की नाही, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

निवृत्त_निदेशक यांचे उत्तर

भाऊ, मी बरीच वर्षे आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग घेतला आहे आणि विद्यार्थ्यांना जे सांगत असे तेच आपल्यालाही सांगतो: पॉवर स्टेअरिंग बसवण्याआधी हे स्टेअरिंग जड कशामुळे झाले ते शोधून काढा. आपल्या प्रश्नातच त्याची निदान दोन कारणे लिहिलेली आहेत.

पहिले कारण उलट्या रिमा. पुढचे चाक ज्या किंगपिनभोवती वळते तिची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायरच्या मध्याजवळ टेकली पाहिजे. रिम उलटी केली की टायर बाहेर सरकतो आणि या दोन बिंदूंतले अंतर वाढते. मग चाक जागच्या जागी फिरण्याऐवजी किंगपिनभोवती कमान काढत घासत जाते, आणि ते ओढण्याचे सगळे काम चालकाच्या खांद्यावर येते. खड्ड्यात चाक गेल्यावर स्टेअरिंगला बसणारा झटकाही याच अंतरामुळे वाढतो. ऑपरेशन झालेल्या खांद्याला तो झटका अधिक वाईट. रुंद टायर काढून मूळ मापाचे टायर शोधा आणि रिमा सुलट्या करा. थोडी शोधाशोध करावी लागेल, पण हे टाळू नका.

दुसरे कारण वजनपट्ट्या. रोटाव्हेटर लावलेला असताना त्या हव्यातच, कारण पुढची चाके उचलली गेली तर ट्रॅक्टर वळणार नाही आणि चढावर उलटण्याची भीती असते. परंतु ओढायचा ब्लोअर जोडताना त्या ८० किलोंची तेवढी गरज नसते, सपाट बागेत तर नाहीच. आपण असल्या पट्ट्या एकदा लावतो आणि मग त्या वर्षानुवर्षे तिथेच राहतात. फवारणीच्या दिवशी त्या उतरवून पाहा. मात्र टाकी भरलेली असताना पुढची चाके जमिनीला नीट धरून आहेत ना, हे आधी सावकाश चालवून तपासा.

आता तपासणी. घरी कापूस तोलण्याचा ताणकाटा असेल तर तो घ्या. ट्रॅक्टर खळ्यातल्या फरशीवर उभा करा, काट्याचा आकडा स्टेअरिंगच्या चाकाच्या कडेला अडकवा आणि कडेच्या दिशेने सरळ ओढून चाके हलायला लागतात तेव्हाचा आकडा वहीत लिहा. मग पुढचा अॅक्सल जॅकवर उचलून, मागच्या चाकांना ओंडके लावून, तीच ओढ पुन्हा मोजा. हवेतही स्टेअरिंग जड असेल तर दोष स्टेअरिंग बॉक्समध्ये, बॉल जॉइंटमध्ये किंवा किंगपिनच्या बुशमध्ये आहे. ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) सोडवून नुसता बॉक्स फिरवून पाहिला की त्यातला नेमका कोणता ते कळते. हवेत हलके आणि जमिनीवर जड असेल, तर टायर, हवा, वजन किंवा किंगपिनचे थ्रस्ट बेअरिंग (वरचा भार पेलणारे) यांच्याकडे बघा. हे बेअरिंग जॅकवरच्या तपासणीत सापडत नाही, कारण चाक उचलले की त्याच्यावरचा भारच निघून जातो. अनुभवी मिस्त्रीही इथे फसतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात त्या बेअरिंगमध्ये शिरते, उन्हाळ्यात तिथेच वाळून घट्ट होते, आणि वरच्या निपलमधून ग्रीस मारले तरी ते खालपर्यंत पोहोचत नाही. म्हणून स्टब अॅक्सल (चाक ज्यावर बसते तो किंगपिनभोवती वळणारा भाग) खाली काढून, बेअरिंग डिझेलमध्ये धुऊन, गोळ्या आणि पट्ट्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पुढच्या टायरची हवा तपासा. या आकाराच्या ट्रॅक्टरांना साधारण २५ ते ३० पीएसआय लागते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधले अंतर मागच्या कडांपेक्षा काही मिलिमीटर कमी ठेवणे, हेही बघून घ्या.

एवढे झाल्यावर पुन्हा ताणकाटा लावा. तरीही खांद्याला झेपत नसेल तर पॉवर स्टेअरिंगचा विचार अवश्य करा, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त झिजलेल्या जोडांवर ते बसवू नका. हाताने चालवताना जॉइंट घट्ट झाला तर हाताला कळते. पॉवर स्टेअरिंगमध्ये ती जाणीव जाते आणि पंप तो जॉइंट तुटेपर्यंत ओढत राहतो.

कायद्याचा एक मुद्दाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे पडतील असा बदल वाहनात करता येत नाही. आपला ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन रस्त्यावर जात असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करा आणि विमा कंपनीलाही कळवा. आपल्याच मॉडेलचा पॉवर स्टेअरिंगचा प्रकार बाजारात असेल तर त्याचा अॅक्सल, पंप आणि ऑर्बिट्रॉल (स्टेअरिंग फिरेल तितके तेल मोजून सोडणारा व्हॉल्व्ह) हा संपूर्ण संच मिळवणे सर्वांत सुरक्षित आहे.

होजवाला_हिंगणा यांचे उत्तर

निदेशक साहेबांनी जे लिहिले त्यातले एकही वाक्य सोडू नका. मी हिंगणा एमआयडीसीत हायड्रॉलिकची कामे करतो, बहुतेक फोर्कलिफ्ट आणि बॅकहोची, परंतु बागायतदारांचे छोटे ट्रॅक्टरही येतात. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

लिफ्टच्या पंपातून तेल घेण्याचा सल्ला आपण मानू नये. आपल्यासारख्या ट्रॅक्टरात लिफ्टचे तेल आणि गिअरबॉक्सचे तेल बहुधा एकच असते, आणि त्यात गिअरच्या झिजेची बारीक भुकटी फिरत असते. लिफ्टला ती चालून जाते. ऑर्बिट्रॉलच्या आतील स्पूल आणि स्लीव्ह यांच्यामधली फट मात्र केसाहूनही बारीक असते, तिथे ही भुकटी ओरखडे पाडते. शिवाय लिफ्ट उचलताना पंपाचे तेल तिकडे जाते आणि नेमके त्याच क्षणी स्टेअरिंग जड होते. ओळीच्या शेवटी आपण रोटाव्हेटर उचलणे आणि वळणे ही दोन्ही कामे एकदमच करतो, हे आपल्याला सांगायला नको. प्रायॉरिटी व्हॉल्व्ह (आधी स्टेअरिंगला तेल देणारा) टाकून यावर उपाय होतो, पण त्या खर्चात वेगळा पंप येतो.

म्हणून वेगळा पंप, वेगळी टाकी, ऑर्बिट्रॉल आणि पुढच्या अॅक्सलवर एक दुहेरी कामाचा (ढकलणारा आणि ओढणारा) सिलिंडर, अशी रचना करावी. ऑर्बिट्रॉल स्टेअरिंगच्या कॉलमखाली बसतो. त्याच्या आत सात खाचांच्या कड्यात सहा दात्यांचा तारा फिरतो, आणि आपण चाक जितके फिरवाल तितकेच तेल मोजून तो सिलिंडरकडे पाठवतो. चाक थांबले की तेल थांबते. पंपाचे उरलेले तेल अगदी कमी दाबाने टाकीत परत जाते, त्यामुळे सरळ चालताना इंजिनावर भार जवळजवळ पडत नाही, आणि वळताना या मापाच्या पंपाला एखाद्या अश्वशक्तीच्या आसपास ताकद लागते. साडेअठरा अश्वशक्तीच्या इंजिनाला तेवढे झेपते.

माप कसे काढायचे ते उदाहरणाने सांगतो, कारण जास्तीत जास्त चुका इथेच होतात. समजा सिलिंडर ४० मिलिमीटर बोअरचा (आतला व्यास), २० मिलिमीटर रॉडचा आणि १५० मिलिमीटर स्ट्रोकचा (रॉड सरकण्याचे अंतर) आहे. रॉड बाहेर जाताना त्यात सुमारे १८८ सीसी तेल मावते, आणि आत येताना रॉडची जागा वजा झाल्यामुळे सुमारे १४१ सीसी. ५० सीसीचा ऑर्बिट्रॉल घेतला तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका दिशेने पावणेचार फेरे लागतील आणि दुसऱ्या दिशेने पावणेतीनपेक्षा किंचित जास्त. हा फरक आठवडाभरात हाताला सवयीचा होतो. तो नकोच असेल तर दोन्ही बाजूंना रॉड असलेला सिलिंडर घ्यावा लागतो, तो महाग असतो आणि त्याला जागाही जास्त लागते. मोठा, म्हणजे १०० सीसीचा ऑर्बिट्रॉल घेतल्यास फेरे निम्मे होतात, म्हणून अनेकांना त्याचा मोह होतो. पण आपण इंजिन बंद पडण्याविषयी विचारले आहे, आणि त्याचे उत्तर याच मापात आहे.

इंजिन बंद पडले की पंप थांबतो. त्यानंतर ऑर्बिट्रॉलमधला चेक व्हॉल्व्ह तेलाला टाकीच्या बाजूने फिरू देतो आणि ऑर्बिट्रॉल स्वतःच हातपंपासारखा काम करतो. ट्रॅक्टर वळतो, मात्र जोर हाताचा लागतो. चाके वळवायला समजा २० किलोचा (दर चौरस सेंटीमीटरला) दाब लागत असेल, तर ५० सीसीच्या ऑर्बिट्रॉलला ४० सेंटीमीटर व्यासाच्या स्टेअरिंगच्या कडेवर सुमारे ८ किलोची ओढ लागेल, आणि १०० सीसीला सुमारे १६ किलोची. वडिलांचा खांदा लक्षात घेता ५० सीसीच बरा. काम झाल्यावर सपाट जागेत, ट्रॅक्टर हळू चालू असताना इंजिन बंद करून वळण्याचा सराव त्यांना एकदा अवश्य करून द्या, म्हणजे प्रसंगी हात गोंधळणार नाहीत.

आता पंप. मिनिटाला ६० ते १०० फेरे या वेगाने स्टेअरिंग फिरवायचे तर ५० सीसीला मिनिटाला ३ ते ५ लिटर तेल लागते. इंजिनाच्या टायमिंग कव्हरवर पंपासाठी झाकण लावलेली जागा असेल तर ४ सीसीचा छोटा गिअर पंप तिथे थेट बसवा. तशी जागा नसेल आणि पट्ट्यावर (बेल्टवर) चालवायचा असेल, तर साधा गिअर पंप घेऊ नका. पट्ट्याची बाजूची ओढ त्याच्या बुशला सहन होत नाही आणि काही महिन्यांत ऑइल सील गळू लागते. त्याऐवजी जीपसारख्या गाड्यांचा पॉवर स्टेअरिंगचा व्हेन पंप जुन्या बाजारात मिळतो. त्याचे बेअरिंग पुलीसाठीच केलेले असते, आणि दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह व तेलाचा प्रवाह स्थिर ठेवणारा व्हॉल्व्ह दोन्ही त्याच्या आतच असतात. घेण्यापूर्वी गेज लावून दाब पाहा, कारण त्याचा आतला व्हॉल्व्ह मोटारीच्या गरजेचा असतो आणि आपल्याला लागतो त्यापेक्षा बराच जास्त दाब देतो. म्हणून ऑर्बिट्रॉलच्या आधी एक वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह (ठरवलेल्या दाबापुढे तेल सोडून देणारा) लागेल.

तो दाब किती ठेवायचा? ६० किलो दाबाला वरच्या सिलिंडरचा रॉड ७५० किलोच्या आसपास ढकलतो आणि ५६५ किलोच्या आसपास ओढतो. आपला टाय रॉड माणसाच्या हाताच्या ताकदीला धरून केलेला आहे, त्याच्यासाठी हे बळ फार मोठे आहे. म्हणून सुरुवात ४० किलोने करा, ट्रॅक्टर मऊ जमिनीत उभा ठेवून वळवा, आणि चाके वळतील तेवढाच दाब हळूहळू वाढवा. माझ्याकडे एक ट्रॅक्टर आला होता, ज्याच्या बसवणाऱ्याने दाब १०० वर नेऊन ठेवला होता. वळताना चाक एका दगडाला अडले, चालकाला काहीच जाणवले नाही, आणि टाय रॉड धनुष्यासारखा वाकून आला. सुदैवाने तो बागेत होता, रस्त्यावर नव्हता.

सिलिंडर अॅक्सलवरच बसवा, चेसिसवर नाही. पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर खालीवर डोलतो, म्हणून चेसिसला धरलेला सिलिंडर प्रत्येक खड्ड्यात चाके स्वतःहून वळवतो. त्याचे एक टोक अॅक्सलच्या बीमवर बोल्टने आवळलेल्या ब्रॅकेटला आणि दुसरे स्टेअरिंगच्या आर्मला जोडा. आर्मवर वेल्डिंग करू देऊ नका. तो फोर्ज केलेला असतो, उष्णतेने त्याचा कस जातो आणि तो वेल्डच्या शेजारी तुटतो. वेगळी प्लेट कापून ती आर्मच्या मूळ बोल्टांसह आवळणे, हे लेथवाल्याकडून करून घेता येते. सिलिंडर पक्का करण्याआधी चाके दोन्ही टोकांपर्यंत हाताने वळवून बघा. टोकाशी रॉड आणि आर्म एका रेषेत येऊ लागले तर तिथे जोरच उरत नाही, म्हणून ब्रॅकेटची जागा बदला.

होज दाबाला योग्य असे, तारेच्या जाळीचे घ्या. अॅक्सल पूर्ण डोलेल आणि चाके पूर्ण वळतील इतकी सैल ठेवा, आणि फांद्यांपासून वाचवण्यासाठी वरून स्प्रिंग चढवा. ऑर्बिट्रॉल बसल्यावर स्टेअरिंग आणि चाके यांच्यात लोखंडाचा जोड राहत नाही, फक्त तेल राहते. होज फुटली तर स्टेअरिंग गेले, हे मनात पक्के ठेवून होज निवडा. परतीच्या लाइनला फिल्टर लावा, टाकी तीन-चार लिटरची आणि सायलेन्सरपासून दूर ठेवा. गिअर पंप असेल तर आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्याला ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल ठीक राहते. व्हेन पंप असेल तर त्याला सांगितलेलेच तेल वापरा आणि दोन तेले एकत्र करू नका. गळती शोधताना होजवरून हात फिरवू नका. बारीक छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीत शिरते आणि बोट गमावण्याची वेळ येते. पुठ्ठा फिरवून पाहा.

कळमेश्वर_ताई यांचे उत्तर

मी इलेक्ट्रिकचा मार्ग घेतला आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते. आमची बाग कळमेश्वर तालुक्यात आहे आणि ट्रॅक्टर मीच चालवते. एका छोट्या मोटारीचा ईपीएस (इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग) कॉलम, त्याच्या कंट्रोलरसह, जुन्या बाजारातून घेतला आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून मूळ कॉलमच्या जागी बसवला. स्टेअरिंग बॉक्स, ड्रॅग लिंक वगैरे सगळे मूळचेच राहिले. माझ्या दृष्टीने हाच याचा मोठा फायदा आहे: वीज गेली तरी लोखंडाचा जोड शाबूत राहतो आणि स्टेअरिंग फक्त पूर्वीइतके जड होते.

परंतु अडचणीही सांगितल्या पाहिजेत. जागेवर उभे राहून चाके वळवली की मोटर ३० ते ४० अँपिअर खेचते. माझ्या मिस्त्रीने सुरुवातीला हेडलाइटच्या वायरीतूनच जोडणी घेतली होती. दुसऱ्याच दिवशी फवारणी करताना डॅशखालून जळका वास आला, पाहिले तर फ्यूजचा होल्डर वितळून मेणासारखा ओघळला होता. मग बॅटरीपासून थेट जाड केबल, स्वतंत्र फ्यूज आणि रिले टाकला. रात्री दिवे लावून काम केल्यावर बॅटरी उतरते, म्हणून डायनॅमो किती अँपिअरचा आहे ते आधी तपासा. कंट्रोलरवर फवारणीचे पाणी पडू नये म्हणून तो सीटखाली बंद डब्यात ठेवला आहे.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते: खड्ड्याचा झटका यात पूर्णपणे थांबत नाही, हाताला येतोच. आपल्या वडिलांच्या खांद्याचा विचार केला तर मला ऑर्बिट्रॉलच योग्य वाटतो, कारण त्यात झटका तेलातच अडतो.

काटोल_बागायत यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काम पूर्ण झाले आहे, म्हणून सविस्तर कळवतो.

आधी साहेबांनी सांगितल्याप्रमाणे ताणकाटा लावला. खळ्यातल्या फरशीवर १५ किलो आले. जॅकवर उचलल्यावर स्टेअरिंग अगदी हलके होते, म्हणून मला वाटले की दोष फक्त टायरचा आहे. तरीही स्टब अॅक्सल खाली काढले. उजव्या बाजूचे थ्रस्ट बेअरिंग हातात आले तेव्हा ते बेअरिंग आहे हे ओळखू येत नव्हते. मातीचे वाळलेले कडे, त्यात गंजलेल्या गोळ्या, आणि त्यातल्या तीन गोळ्या फुटून चपट्या झालेल्या. वडील बराच वेळ ते तळहातावर घेऊन बघत राहिले आणि एवढेच म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं मी हे ओढत होतो." दोन्ही बेअरिंग आणि बुश नवे घातले. मूळ मापाचे टायर नागपुरात तिसऱ्या दुकानात मिळाले, रिमा सुलट्या केल्या, पट्ट्या उतरवल्या. काटा ९ किलोवर आला.

फरक मोठा होता. एक दिवस वडिलांनी अर्ध्या बागेची फवारणी केली आणि आता पुढचे काही करू नका असे सांगितले. पण संध्याकाळी जेवताना ते भाकरी डाव्या हाताने मोडत होते, ते पाहून मी ऑर्बिट्रॉलचे काम थांबवले नाही. आरटीओला लेखी पत्र दिले आहे. तेथून उत्तर येईपर्यंत ट्रॅक्टर बागेबाहेर काढत नाही, संत्रा कळमना मार्केटला भाड्याच्या गाडीने जातो.

टायमिंग कव्हरवर पंपाची जागा नव्हती, म्हणून जुन्या बाजारातला व्हेन पंप पट्ट्यावर घेतला. ऑर्बिट्रॉल ५० सीसीचा आणि सिलिंडर उदाहरणातल्याच मापाचा आहे. ब्रॅकेट दोनदा करावे लागले, पहिल्या वेळी डावीकडच्या टोकाला रॉड आर्मच्या रेषेत येत होता. रिलीफ व्हॉल्व्ह ४० पासून सुरू केला आणि ५० किलोवर थांबलो, त्यावर नांगरलेल्या जमिनीतही चाके वळतात. फरशीवर आता काटा २ किलोसुद्धा दाखवत नाही. इंजिन बंद करून वळण्याचा सराव वडिलांनी तीन वेळा केला. त्यांचे म्हणणे असे की बंद इंजिनावरचे स्टेअरिंग आधीच्या पंधरा किलोंपेक्षा सोपेच आहे. खर्चात सर्वांत जास्त वाटा ऑर्बिट्रॉल आणि सिलिंडरचा होता, त्याखालोखाल होजचा.

एक शंका राहिली आहे. स्टेअरिंगच्या चाकावर पकडायला गोल मूठ लावली आहे. सकाळी ट्रॅक्टर सरळ उभा असताना ती वर असते आणि दुपारपर्यंत, चाके सरळ असूनही, ती बाजूला गेलेली असते. ही गळती समजायची का?

होजवाला_हिंगणा यांचे उत्तर

नाही. ऑर्बिट्रॉलमध्ये आणि सिलिंडरच्या सीलमधून थोडे तेल आतल्या आत सरकतेच, आणि आपल्या सिलिंडरची दोन्ही दिशांची मापेही वेगळी आहेत, त्यामुळे मूठ दिवसभरात जागा बदलणारच. ती बघून चाके सरळ आहेत असे मानण्याची सवय मात्र वडिलांनी सोडावी, सुरू करण्याआधी पुढचे टायर बघावेत. चाके पूर्ण टोकाला नेऊन स्टेअरिंग हलक्या हाताने त्याच दिशेला दाबून धरा. ते अगदी सावकाश पुढे सरकत असेल तर काळजी नाही. सहज फिरत राहत असेल तर आधी सिलिंडरचे एक टोक सोडवून सील तपासा आणि मग मला कळवा. पट्टा नवा आहे, तो पहिल्या पंधरा-वीस तासांत ताणला जाईल, तेव्हा एकदा आवळून घ्या.